ओल्या फरशीवरचा मेंढा

बुधवारी सकाळी साडेसात वाजता इजिप्तच्या दमनहूरमधल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, आदल्या दिवशीच बसवलेल्या फरशीवर मेंढा कापला गेला. कापायला लावणारी बाई इन्साफ; फ्लॅट तिच्या मुलाचा, वगदीचा. फरशीचा कंत्राटदार उस्ता बयूमी तेव्हा तिथे नव्हता. आदल्या संध्याकाळी जाताना त्याने दाराच्या चौकटीला आडवी दोरी बांधली होती आणि मी सोडेपर्यंत आत मांजरही जाता कामा नये, असं बजावलं होतं. दोरी इन्साफने सोडली.

खरं तर मेंढा उंबऱ्यावर कापायचा होता. पण रक्त जिन्याकडे न जाता घरात वाहावं, म्हणून इन्साफने त्याचं तोंड आत करायला लावलं. मेंढ्याने असा हिसडा दिला की कसाई आणि वगदी दोघेही त्याच्यामागे फरफटत दिवाणखान्याच्या मध्यावर गेले. काम तिथेच उरकावं लागलं. मग इन्साफने बादल्यांवर बादल्या ओतून जागा धुतली. लाद्यांचे सांधे अजून भरलेले नव्हते. पाणी फटींतून खाली गेलं.

"बघ, कसं पटकन जिरलं," ती वगदीला म्हणाली. तिला ते शुभ वाटलं.

घाईला कारण होतं. वगदीचा अबीरशी निकाह लावून झाला होता, सह्या झाल्या होत्या. नवरी घरात यायची तेवढी बाकी होती. घर आणि फरशी मुलाकडची, सामान मुलीकडचं. ते सामान शुक्रवारच्या नमाजानंतर येणार होतं, उघड्या ट्रकांतून, हॉर्न वाजवत, साऱ्या गल्लीला दाखवत. ते आत जाण्याआधी नव्या घरात रक्त सांडायलाच हवं, नाहीतर दृष्ट लागते. तरीही गुरुवारी सांधे भरून झाल्यावर दुपारी मेंढा कापता आला असता. पण अबीरची आई नवाल बोलता बोलता म्हणून गेली होती, "तुमची ओढाताण होत असेल तर वासरू मी पाठवते." हे वाक्य इन्साफच्या घशात काट्यासारखं रुतलं होतं. नवाल बोलते तसं करते, हे तिला ठाऊक होतं. आज मेंढा नाही, तर उद्या सकाळी दारात तिचं वासरू.

बयूमीसुद्धा नवालचाच माणूस होता. इन्साफला काम नणदेच्या नवऱ्याला द्यायचं होतं. नवाल म्हणाली, "माझ्या पुतणीच्या घरी बयूमीने फरशी केलीय, अजून एक लादी हललेली नाही. तो असला की मला घोर नाही." म्हणजे खर्च आमचा आणि पसंती तिची, असं इन्साफ त्या दिवसापासून येईल जाईल त्याला ऐकवत होती.

काम ठरवायला बयूमी आला तेव्हाच ठिणगी पडली होती. चहाचा पेला खाली ठेवून तो म्हणाला होता, "हाज्जा, माझी अट एकच. काम चालू आहे तोवर घर माझं. सांधे भरून किल्ली हातात दिली की तुमचं."

"घर माझ्या मुलाचं आहे."

"मग मुलाकडूनच लाद्या बसवून घ्या."

वगदी हसला होता. इन्साफ नाही.

बुधवारी दहाच्या सुमारास बयूमी आला, तेव्हा जिन्यात शेजारपाजारच्यांसाठी मटणाचे वाटे चालले होते. सुटलेल्या दोरीकडे त्याने पाहिलं, चपला बाहेर काढल्या आणि रबरी हातोडीचा लाकडी दांडा उलटा धरून तो आत गेला. भिंतीकडेला दांडा आपटला की आवाज भरीव येत होता. दिवाणखान्याच्या मध्यावर येताच लादी ढबढब वाजू लागली. एक, तिच्या पुढची, तिच्या शेजारची. एका लादीचा कोपरा बोटाने दाबला तसा तो खाली गेला आणि फटीतून लालसर पाणी वर आलं.

"पाणी कुणी ओतलं?"

"जमीन धुवायची नाही तर काय चाटायची?" इन्साफ दारातूनच म्हणाली.

"खाली वाळू आहे, वाळूवर सिमेंटचा माल आहे, आणि माल अजून धरलेला नव्हता. वाळू वाहून गेलीय. आता या लाद्या हवेवर उभ्या आहेत. त्यांच्यावर कपाट ठेवलंत की तडकणार." तो उभा राहिला. "मधल्या सगळ्या उचलतो, वाळू बदलतो, नव्याने बसवतो. आज सुरू केलं तर शुक्रवारपर्यंत कडेच्या खोल्यांत सामान ठेवता येईल. दिवाणखाना आठवडाभर रिकामा ठेवा."

"उचलायच्या? ज्या जागेवर मुलाच्या नावाचं रक्त सांडलं ती जागा उकरायची? तुझ्या घरी असं करतात?"

"माझ्या घरी मेंढा रस्त्यावर कापतात."

"तोंड सांभाळून बोल, उस्ता."

"तोंड सांभाळलंय म्हणून इतकंच बोललो."

वगदी मटणाची पिशवी हातात घेऊन दोघांच्या मध्ये उभा होता. "उचलू दे ना, आई," तो म्हणाला. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा जिन्यात गेला.

लाद्या उचलायच्या म्हणजे शुक्रवारी ट्रकांमागून येणाऱ्या बायका दिवाणखान्यात खड्डा पाहणार. का, असं विचारणार. आणि नवाल सगळ्यांना सांगणार की वगदीच्या आईला दोन दिवस दम धरवला नाही. इन्साफला ते चित्र आवाजासकट दिसत होतं.

तेवढ्यात नवाल स्वतःच वर आली. पडद्यांसाठी खिडक्यांची मापं घ्यायची होती. जिन्यातलं मटण पाहून ती म्हणाली, "मुबारक हो. घाई केलीत, वगदीच्या आई. वासराचं मी बोललेच होते."

"आमच्या घरचं आम्ही करतो, अबीरच्या आई."

मग नवालने बयूमीचा चेहरा पाहिला आणि काय झालं ते विचारलं. बयूमीने तोंड उघडण्याआधीच इन्साफ बोलली. पुढे जे घडलं त्याला कारण तिचं हे बोलणं. "तुमच्या उस्ताने पोकळ लाद्या बसवल्यात. मी मेंढा कापण्याआधी पाय ठेवला तेव्हाच वाजत होत्या."

बयूमीने हातोडी पिशवीत ठेवली. आवाज न चढवता त्याने विचारलं, "आधीच वाजत होत्या?"

"वाजत होत्या."

"आणि पाणी?"

"एखादा तांब्या."

पुतणीच्या घराचा दाखला देऊन बयूमीची शिफारस नवालने केली होती. उस्ता खोटा ठरला तर तीही खोटी ठरणार होती. "शेजारणीकडून कुराण आणते," ती म्हणाली. "दोघांनी त्यावर हात ठेवून सांगा, लाद्या आधीच पोकळ होत्या की नव्हत्या. मी मधे बोलणार नाही."

"आणा," बयूमी म्हणाला. "मी वजू करून येतो." तो हातपाय धुवायला नळाकडे गेलासुद्धा.

इन्साफ जागची हलली नाही. "माझे हात मटणाचे आहेत," ती म्हणाली.

"नळ वाहतोय," नवाल म्हणाली.

"फरशीसाठी अल्लाच्या किताबावर हात ठेवायचा? कसली माणसं आहात तुम्ही?"

नवालने मापाची पट्टी गुंडाळून पर्समध्ये टाकली. "शपथ झाली की ट्रक भरते," ती म्हणाली आणि उतरून गेली. बयूमी ओल्या हातांनी परत आला तेव्हा खोलीत तो आणि इन्साफ दोघेच होते. त्याने पाणसळ, थापी, ओळंबा एकेक करून पिशवीत भरलं.

"माझ्या हातातलं काम मी असं अर्धवट टाकत नाही. पण माझ्यावर खोटेपणाचा आळ आहे. नवालबाईंसमोर सांगा की पाणी कुणी ओतलं. त्याच घटकेला येतो, जास्तीची मजुरी घेत नाही."

"दमनहूरमध्ये तू एकटाच उस्ता आहेस काय?"

"नाही. विचारून बघा."

तिने विचारलं. दुपारी ती बाजाराजवळच्या त्या कॅफेत गेली जिथे फरशीवाले कामाची वाट पाहत बसतात. पहिल्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "फरशी कुणाची?" बयूमीचं नाव ऐकताच तो पुन्हा सोंगट्यांच्या डावाकडे वळला. एका उस्ताच्या अपुऱ्या कामाला दुसरा त्याच्या परवानगीशिवाय हात लावत नाही. दुसरा म्हणाला, "हाज्जा, त्याला फोन लावा. 'कर' म्हणाला तर आत्ता उठतो." तिसऱ्याने तर तिला बसायलाही सांगितलं नाही. नणदेचा नवरा, ज्याच्यासाठी ती एवढी भांडली होती, फोनवर म्हणाला, "वहिनी, मला याच गावात पोट भरायचंय."

गुरुवारी तिने स्वतःच एक लादी उचलून पाहिली. खाली बोटभर पोकळी होती आणि वास येत होता. लादी परत बसवताना कोपरा उडाला. तिने त्यावर पायपुसणं टाकलं.

वगदीने ते पाहिलं. दिवसभर तो तिच्याशी बोलला नव्हता. "मेंढ्याचे पाय मी धरले होते," तो म्हणाला. "बादल्या मीच भरून दिल्या. अबीरने काल विचारलं, मी फोन ठेवून दिला. उद्या ट्रक नाही आले तर ती माझी बायको असून बापाच्या घरात बसेल. गाव काय म्हणेल ते तिला म्हणेल, तुला नाही."

"तू नवालकडे जाऊन माझी मान खाली घालणार?"

"तू ये बरोबर. तूच सांग. एक वाक्य आहे, पाणी आपण ओतलं."

"त्या बाईच्या उंबऱ्यावर मी वाक्य सांगायला जाणार नाही."

तो चपला घालून निघाला. इन्साफ बाल्कनीत आली तेव्हा तो नवालच्या गल्लीकडे वळत होता. तिने हाक मारली, एकदाच. त्याने ऐकली की नाही ते कळलं नाही.

दुपार कलताना अस्रची अजान झाली, मग सूर्य बुडाल्यावर मगरिबची. नवालच्या दारात ट्रक उभे होते, असं खालच्या मजल्यावरची शेजारीण सांगून गेली. रिकामे की भरलेले, ते तिने पाहिलं नव्हतं. बयूमीचा फोन आला नाही. वगदी अजून परतलेला नाही.