ज्या प्रयोगात सेनापती मेला नाही

विंगेतल्या स्टुलावर पुढे झुकून मामांनी एक बोट संहितेच्या ओळीवर ठेवले आणि दोन्ही डोळे राजकन्येच्या गळ्यावर. प्रॉम्प्टरने नटाच्या ओठांकडे पाहू नये, गळ्याकडे पाहावे, हा त्यांचा आयुष्यभराचा दंडक होता. ओठ लबाड असतात. काही आठवत नसतानाही ते हलतात. परंतु श्वास आत गेला, गळ्याची शीर ताठ झाली आणि शब्द मात्र बाहेर पडला नाही, की समजावे, गाडी अडली. मग वाक्य द्यावे, तेही असे की नटाला वाटावे, ते आपले आपल्यालाच आठवले.

रंगमंचावर नाटकाचा परमोच्च क्षण आला होता. राजकन्येने तलवार उगारली होती. तिच्यापुढे सेनापती गुडघे टेकून बसला होता. नात्याने तो तिचा काका. पोरक्या पुतणीला घोड्यावर बसायला त्यानेच शिकवले, आणि तिचे सिंहासनही त्यानेच बळकावले. आता ती म्हणणार, ‘काका, डोळे मिटा,’ आणि तलवार खाली येणार. सेनापतीच्या अंगरख्याखाली लाल रंगाची पिशवी सज्ज होती.

राजकन्येने श्वास घेतला. शब्द आला नाही.

नेमकी आजच गाडी अडली, असे मामांना वाटले. दुपारच्या या प्रयोगाआधीच दिग्दर्शकाने, म्हणजे त्यांच्या सख्ख्या भाच्याने, त्यांना रंगपटाबाहेर गाठून सुनावले होते.

“मामा, मागच्या प्रयोगात तुम्ही तिसऱ्या अंकातलं वाक्य पहिल्या अंकात दिलंत. आईच्या शब्दाखातर आजचा एक प्रयोग बघतो. आज काही घोटाळा झाला, तर उद्यापासून नटांच्या कानात वाक्यं सांगणारं यंत्र. मग तुम्ही घरी बसायचं, आरामात.”

“तुझ्या आईसमोर आरामात कोणाला बसता आलंय आजवर?”

भाचा हसला नव्हता. आणि विंगेतली ती वीतभर जागा गेली, तर बहिणीच्या घरातल्या खाटेखेरीज या जगात मामांना बसायला ठिकाण नव्हते.

खरे पाहता सगळा दोष एकट्या मामांच्या माथी मारणे न्यायाचे झाले नसते. ही राजकन्या जन्माला आली एका जाडजूड कादंबरीत, जिथे घोडे उडतात आणि डोंगर साक्ष देतात अशा राज्यात. पुढे तिच्यावर संगीत नाटक झाले. त्यात तिने काकाला क्षमा केली. मग बालनाट्य झाले. त्यात काका आपल्याच शापाने दगड झाला, आणि घोड्याच्या मागच्या पायांत शिरणारा नट दर प्रयोगाला पुढच्या पायांतल्या नटाशी भांडत राहिला. सध्या तिची मालिका घरोघरी चालू होती. तीत काका हा काका नसून जन्मदाता बापच निघाला होता. दोन्ही नाटकांना मामा विंगेत होते, आणि मालिका ते बहिणीशेजारी बसून रोज पाहत. परिणामी एका राजकन्येच्या अनेक राजकन्या त्यांच्या मस्तकात बिऱ्हाड करून राहिल्या होत्या, आणि त्यांचे आपापसांत मुळीच पटत नव्हते. संहिता हाताशी असे. परंतु ऐनवेळी कागदात डोकावणे म्हणजे स्वतःच्या घराचा पत्ता परक्याला विचारणे, असे मामांना वाटे.

“काका, उठा,” मामा कुजबुजले. “घोडा बाहेर उभा आहे.”

वाक्य सुटले आणि मग त्यांची नजर बोटाखालच्या ओळीवर गेली. तिथे घोडा नव्हता.

“काका, उठा,” राजकन्येचा आवाज थेट शेवटच्या रांगेपर्यंत गेला. “घोडा बाहेर उभा आहे.”

मरणासाठी डोळे मिटून बसलेल्या सेनापतीने एक डोळा उघडला. तलवार खाली आली होती, पण म्यानात. त्याने विंगेकडे पाहिले. मामा संहितेची पाने पुढे-मागे करत होते. शेवटी बिचारा गुडघ्यावर हात टेकून उठला, राजकन्येला मुजरा करावा की न करावा या संभ्रमात अर्धवट वाकला, आणि भलत्याच बाजूने निघून गेला.

इतक्यात ठरल्याप्रमाणे प्रेत उचलणारे चार सैनिक फळी घेऊन हजर झाले. प्रेत नव्हते. ते उभेच राहिले. पुढच्या सैनिकाने मागच्याकडे पाहिले, मागच्याने जमिनीकडे. राजकन्येने क्षणभर त्यांच्याकडे पाहिले आणि कमरेची तलवार काढून फळीवर ठेवली. एवढीशी तलवार चौघांनी खांद्यावर घेतली आणि जड पावलांनी नेली. प्रेक्षागृहात कोणी खोकलेसुद्धा नाही. पडदा पडला आणि टाळ्या सुरू झाल्या.

मामांना त्या ऐकू आल्या नाहीत. ते संहितेच्या पानांचे कोपरे सरळ करत होते.

सर्वप्रथम सेनापती आला, अंगरख्यातून न फुटलेली पिशवी काढत.

“मामा, आज आम्हाला चांगलंच मामा बनवलंत! मेलो असतो तर निवांत पडून राहिलो असतो. जिवंत ठेवलंत, आणि पुढे काय करायचं ते सांगायला कोणी नाही. अहो, बायकोसुद्धा एवढं वाऱ्यावर सोडत नाही.”

“चुकलं माझं,” मामा म्हणाले.

“चुकलं कसलं? धुलाईचे कष्ट वाचले.”

पाठोपाठ भाचा आला. तो ओरडला नाही.

“मामा, ते वाक्य आपल्या नाटकात कुठे आहे?”

“नाही.”

“मग कुठलं?”

“संगीत नाटकातलं.” मामा थांबले. “बहुतेक.”

भाच्याने कपाळावरून हात फिरवला. “घरी चला. आईशी मी बोलतो.”

राजकन्या मुकुट काखेत मारून, केसांतले काटे काढत जवळ आली होती. मामांना नात असती, तर एवढीच असती.

“पण मी अडलेच नव्हते,” ती भाच्याला म्हणाली. “मी थांबले होते. कालच्या तालमीत तुम्हीच नाही का सांगितलंत, मारण्याआधी एक श्वास थांब म्हणून?”

भाचा तिच्याकडे वळला. “म्हणजे तुला वाक्य येत होतं?”

“येत होतं की.”

“मग हे घोड्याचं म्हणालीस कशाला?”

“मामांनी दिलं ना!” तिला प्रश्नच कळेना. “मला वाटलं, तुम्ही दोघांनी मिळून बदललं असेल. मामा चुकीचं देतील असं मनात तरी कसं येईल?”

मामांनी मान खाली घातली. रागावली असती तरी इतके जड गेले नसते.

भाचा पडद्याच्या फटीपाशी गेला आणि बाहेर पाहत उभा राहिला. लोक अजून पुरते उठले नव्हते. दोन बाया खुर्च्यांच्या रांगेत उभ्या राहून हातवारे करत एकमेकींना काही समजावत होत्या. तो परतला तेव्हा त्याचा आवाज बदललेला होता.

“हेच ठेवायचं उद्या.”

“अरे बापरे,” सेनापती म्हणाला. “म्हणजे मी रोज जगायचं? मग मला वाक्य द्या बाबा. उठलो तर उठून बोलू काय? मुक्यासारखा पळून नाही जाणार.”

“मामा,” भाच्याने विचारले, “संगीत नाटकात सेनापती इथे काय म्हणायचा?”

सगळे मामांकडे पाहू लागले. मामांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे पेटीवाला आला, मोठे पद आले, तीनदा घेतलेला वन्स मोअर आला. त्यावर मालिकेतला बाप येऊन रडू लागला, बालनाट्यातला दगड आडवा पडला. वाक्य आले नाही. आठवत नाही, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे झाले असते. ते म्हणण्यासाठी त्यांनी तोंडही उघडले.

“‘पोरी, घोड्याला पाणी दाखवलंस का?’” ते म्हणाले.

सेनापतीने ते वाक्य ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिले, मग पुन्हा एकदा, जरा सावकाश. त्याचा थट्टेखोर चेहरा कसासाच झाला.

“एवढंच?” भाच्याने विचारले.

“एवढंच.”

“आणि यावर ती काय म्हणते?”

“ती काही म्हणत नाही,” मामा म्हणाले, आणि आपण इतक्या खात्रीने कसे काय बोललो, याचे त्यांनाच नवल वाटले.

भाच्याने पेन काढून वाक्य संहितेवर लिहून घेतले. “उद्या लवकर या, मामा. हा प्रवेश तुमच्याकडूनच बसवून घेऊ,” एवढे बोलून तो प्रकाशवाल्याला हाका मारत गेला. सेनापती वाक्य घोळवत रंगपटाकडे निघाला. यंत्राचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

राजकन्या मात्र तिथेच होती.

“मामा, खरंच असं होतं त्या नाटकात? की मालिकेतलं आहे?”

“मालिकेत घोडाच नाही. परवडत नाही त्यांना.”

“मग कुठलं?”

मामांनी संहिता उघडली. जे वाक्य तिच्यात असणे शक्यच नव्हते, ते शोधण्यासाठी ते पहिल्या पानापासून एकेका ओळीवर बोट फिरवू लागले. राजकन्या वाट पाहत उभी राहिली.