दगडावरचं लाल नाव

गंजलेला खिळा.

देव्हाऱ्यातला भात, ज्याची वाफ नवऱ्यासाठी असते.

काड्यांचे पाय लावलेलं वांगं.

नगरपालिकेच्या खिडकीत हसू दाबणारी मुलगी.

हसू दाबणारी, कारण मिसाओने तिला विचारलं होतं, "पण नवऱ्याची संमती?"

"ते वारलेत ना, मावशी?"

"वारला. जिवंत होता तेव्हा घटस्फोटाला वकील परवडला नाही."

"मग आता फुकट. कुणाची सही नको. सासरशी तुमचं नातं आजपासून संपलं."

नातं संपलं. दगड उरला. टेकडीवर सासरच्या, कुरिहारांच्या थडग्यावर नवऱ्याचं, सेइगोचं नाव बिनरंगाचं, शेजारी मिसाओचं लाल. माणूस जिवंत असेतो लाल. गेला की रंग काढतात आणि राख आत ठेवतात.

जन्मभर त्याच्या शेजारी झोपले, मेल्यावर नाही. एवढंच तिला हवं होतं.

पाथरवट म्हणाला, "कोरलेलं पुसत नाही, वहिनी. अख्खा दगड घासावा लागेल. तेवढ्यात नवा येईल."

"नुसता रंग काढला तर?"

"काढतो की. पण आधी तुम्हाला मरावं लागेल."

दोघंही हसले.

मग तिने खिळ्याने स्वतःच खरवडला. भर दुपारी. लाल भुगा नखांत गेला. फार हलकं वाटलं.

ओबोनच्या, पितरांच्या सणाच्या शेवटच्या दिवशी, घरी आलेले मेलेले परत जातात त्या दिवशी, ती आपलं शिलाई मशीन न्यायला सासरी गेली. सासू सकाळीच थडग्यावर पाणी घालून आली होती.

देव्हाऱ्यात भाताच्या दोन वाट्या.

"आई, मशीन न्यायला आलेय."

"उशीर केलास," सासू म्हणाली. "सेइगो केव्हाचा जेवून बसलाय. हावरट तो हावरटच."

"आई, मी जिवंत आहे."

"पहिल्या वर्षी सगळे हेच म्हणतात."

मिसाओने हात पुढे केला. सासूने तो धरला, दाबून पाहिला, नखांतला लाल भुगा बराच वेळ निरखला.

"ऊब आहे अजून," ती म्हणाली. "राहील थोडे दिवस. खाऊन घे. मग तुम्हा दोघांना एकदमच पोचवते."

उंबऱ्यापाशी वांग्याच्या दोन गाई होत्या, मेलेल्यांना परत न्यायला. दोघींची तोंडं टेकडीकडे.

मिसाओ मशीन न घेताच निघाली. मागे सासूने निरोपाच्या काड्या पेटवल्या. धूर टेकडीकडे जायला हवा होता. तो रस्ताभर तिच्या मागे आला. स्टेशनच्या बाकावर ती टेकली, तेव्हा शेजारी कुणीतरी घसा खाकरला, सेइगो जेवल्यावर खाकरायचा तसा. बाक रिकामा होता. ती थोडी सरकून बसली, जागा करून दिल्यासारखी.

दोन्ही नावं एकदम कोरली तर स्वस्त पडेल, हे सेइगो गेला तेव्हा पाथरवटाला मिसाओनेच सुचवलं होतं.