‘तिने’ म्हणजे कोणी?

शिवणकारखान्याच्या आगीत वेसेला गेली, आणि वर्षभराने पिरीन डोंगराखालच्या त्या गावातल्या कोर्टात ठपका तिच्यावरच यायला लागला. निमित्त झालं झ्लाटकाच्या जबाबाचं.

झ्लाटका वेसेलाच्या शेजारच्या मशीनवर बसायची. तोंडाची फटकळ, मुकादमीण पाव्लीनाशी तिचं रोज वाजायचं. आगीनंतर, धुराने घसा बसलेला असताना, तिने पोलिसांना सांगितलं होतं, "पाव्लीना वेसेलाशी बोलली. मग तिने मागच्या दाराला कुलूप घातलं." बायकांनी सिगरेट ओढायला बाहेर पळू नये म्हणून पाव्लीनाच कुलूप घालते, हे अख्ख्या कारखान्याला ठाऊक होतं. पण नोकरीच्या भीतीने बाकीच्या गप्प होत्या.

मालकाचा वकील तो जबाब वाचून शांतपणे म्हणाला, ‘तिने’च्या आधी सगळ्यात जवळचं नाव वेसेलाचं आहे, म्हणजे कुलूप वेसेलानेच घातलं. मागच्या बाकावरून वेसेलाच्या आईने, दोंकाबाईंनी, झ्लाटकाकडे पाहिलं.

मग झ्लाटका साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिली.

"पाव्लीना आली. पाव्लीना वेसेलाशी बोलली. पाव्लीनाने कुलूप घातलं. पाव्लीनाने किल्ली पाव्लीनाच्या खिशात टाकली. धूर झाल्यावर वेसेला दाराकडे धावली. वेसेलाने दार बडवलं."

"बाई, दर वेळी नाव घ्यायला नको," न्यायाधीशबाई वैतागून म्हणाल्या. "आम्हाला कळतंय."

"मागच्या वेळीही सगळ्यांना कळलंच होतं. तरी कुलूप वेसेलाच्या हातात गेलं, आणि वेसेला काही इथे येऊन ते नाकारणार नाही. मी नावच घेणार."

वकिलाने हरकत घेतली. झ्लाटका थांबली नाही. शेवटी कारकुनाने सहीसाठी कागद पुढे केला, तेव्हा तिने तो वाचला आणि पेन खाली ठेवलं. लिहिण्याच्या सोयीसाठी त्याने एका जागी ‘तिने’ घातलं होतं. ते खोडून ‘पाव्लीनाने’ लिहिल्यावरच तिने सही केली.

दुपारनंतर कारखान्यातल्या आणखी दोघी साक्षीला पुढे आल्या. त्याही प्रत्येक वाक्यात पाव्लीनाचं नाव घेऊन बोलल्या.

निकालात पाव्लीना आणि मालक दोघेही दोषी ठरले. झ्लाटकाला मात्र त्या गावात परत कोणी कामावर घेतलं नाही. ती घरीच शिवणकाम करते, आणि पाव्लीनाचे भाऊबंद रस्त्यात भेटले तर मान खाली घालत नाही.