वर्दीचे तिन्ही जोड

निकालाच्या आदल्या दिवशी आमच्या समोरच्या सलूनमध्ये जमादाराला सकाळी जन्मठेप झाली, दुपारी ती दहा वर्षांवर आली आणि चहाच्या वेळेपर्यंत तो निर्दोष सुटलासुद्धा. हे सगळे निकाल न्हाव्याने दिले होते. गल्लीत त्याला वेधशाळा म्हणतात, कारण तो रोज अंदाज सांगतो आणि अंदाज चुकला की ढगांना शिव्या देतो. खरा निकाल दुसऱ्या दिवशी लागणार होता.

माझं दुकान लाँड्रीचं. पुढे काउंटर, मागे मशीन आणि इस्त्रीची टेबलं, वर राहायच्या दोन खोल्या. पोलिसांची वसाहत मागच्याच रस्त्याला आहे, त्यामुळे अर्धी गिऱ्हाइकं वर्दीवाली. जमादारही त्यातलाच. गल्लीच्या तोंडाशी पोलीस चौकी आहे, तिथे त्याची ड्यूटी असायची. त्या चौकीसमोरच त्याने पार्सल पोचवणाऱ्या एका तरुण मुलाला गोळी घातली. मुलाने चाकू काढला होता, असं जमादाराचं म्हणणं. चाकू काही सापडला नाही. मग मोर्चे निघाले, टीव्हीच्या गाड्या आल्या आणि आमची गल्ली सगळीकडे दिसायला लागली.

खटल्याचा सगळा भर एका साक्षीवर होता. साक्षीदार क्रमांक चार. नाव गुप्त, सुनावणी बंद खोलीत, साक्ष पडद्याआडून, आवाजसुद्धा यंत्रातून बदललेला. या साक्षीदाराने सांगितलं की मुलाचे दोन्ही हात वर होते आणि हातात काहीही नव्हतं. हा चौथा कोण, यावर गल्लीत जेवढी चर्चा झाली तेवढी निकालावरही झाली नसेल. वेधशाळेच्या मते तो औषधाच्या दुकानातला म्हातारा. म्हातारा बिचारा शपथा घेऊन घेऊन थकला.

चौथा साक्षीदार म्हणजे माझी मुलगी. त्या दिवशी ती वरच्या खिडकीत केस वाळवत उभी होती.

हे घरात आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. मी तिला नको म्हणत होतो. तिची आई म्हणाली, "पाहिलंस ना? मग सांगून मोकळी हो." मायलेकी एक झाल्यावर माझं कोण ऐकतंय? साक्ष झाली आणि नंतर थोड्याच दिवसांत माझी बायको गेली. सकाळी काउंटरवर बसली होती, डोकं दुखतंय म्हणाली आणि संध्याकाळी हॉस्पिटलमधून तिचे कपडे माझ्या हातात दिले. तोवर भीती आम्ही दोघांनी वाटून घेतली होती. आता ती सगळी माझ्याकडे आली.

तर त्या दिवशी सकाळी चौकीतला एक शिपाई आला आणि काउंटरवर भली मोठी पिशवी ठेवून म्हणाला, "संध्याकाळपर्यंत पाहिजे. कडक खळ करा."

मी "बरं" म्हणालो. तो निघून गेला.

कोणाचे कपडे, कशासाठी एवढी घाई, हे मी विचारायला हवं होतं. पण काउंटर बायकोचं होतं. ती गिऱ्हाइकाला दारातच धरायची. डाग कशाचा, लग्न कुणाचं, साहेब बदलून कुठे चालले, सगळं काढून घ्यायची आणि मगच पावती फाडायची. मी जन्मभर मागे इस्त्रीवर उभा. मला कपड्यांशी बोलता येतं, माणसांशी नाही.

आमच्याकडे कपड्यांवर शाईचे नंबर नसतात. बायको कॉलरच्या आतून रंगीत दोऱ्याचे टाके घालायची, प्रत्येक घराचे निराळे. ती गेल्यापासून मी नव्या कपड्यांना चिठ्ठ्या टाचतो, पण जुन्या कपड्यांवर अजून तिचेच टाके आहेत. कधी कधी कॉलर उलटली की हात तिथेच थांबतो.

मी पिशवी उपडी केली. वर्दीचे तिन्ही जोड निघाले, हिवाळ्याचा कोट निघाला, टोप्यांची कव्हरं निघाली. पहिली कॉलर उलटली. दोन हिरवे टाके आणि एक पिवळा. जमादाराचं घर.

मी स्टुलावर बसलो. निलंबित होऊन जामिनावर घरी बसलेल्या माणसाची वर्दी इतके महिने कपाटात पडली होती. निकालाच्या आदल्या दिवशी ती धुवायला, खळ करायला बाहेर कशाला काढतील? वर त्यांची कोणाशी तरी ओळख असणार. त्यांना आतून कळलं असणार. बाहेर अख्खं जग अंदाज बांधत बसलंय आणि खरा निकाल माझ्या टेबलावर पडलाय, असं मला वाटलं. जमादार सुटणार आणि परवापासून पुन्हा चौकीत बसणार. चौकीतून आमची वरची खिडकी सरळ दिसते.

मी वर्दी धुतली, खळ केली, इस्त्री केली. काम हातांनी केलं. डोक्यात तो एकच विचार फिरत राहिला, की गोळी कोणी घातली हे सगळ्यांना कळलं, तसं ती कोणी पाहिली हे त्यालाही एक दिवस कळणारच.

मुलगी हॉस्पिटलात एक्स-रे काढायचं काम करते. ती घरी आल्याबरोबर मी तिला म्हटलं, "तो सुटतोय."

"कोण म्हणालं? वेधशाळा?"

"थट्टा नको. हे बघ." मी तिला कॉलर दाखवली.

आईच्या टाक्यांवरून तिने बोट फिरवलं. मग म्हणाली, "बाबा, सरकारी वकील म्हणालेत, शिक्षा होणारच."

"वकिलांना काय जातंय म्हणायला? त्यांच्या घरासमोर चौकी आहे का? तू आजच्या आज मामाकडे जा."

"आणि उद्या लोक विचारतील, नेमकी निकालाच्या दिवशी पोरगी कुठे गेली? मग काय सांगाल?" तिने पर्स खुंटीला लावली. "माझं नाव कुणाला माहीत नाही. तोच आपला आधार आहे. तुम्ही फक्त गप्प बसा. ते तर तुम्हाला छान जमतं."

ती वर स्वयंपाकाला गेली. मी गप्प बसायचा प्रयत्न केला. भांड्यांचा आवाज येत होता. थोड्या वेळाने ती जिन्यात गुणगुणत आली, मीठ कुठे ठेवलंय विचारायला. तिचं ते गुणगुणणं माझ्याच्याने ऐकवेना. शिपायाची वाट न बघता मी कपडे उचलले, कागदात गुंडाळले आणि म्हटलं, "पोचवून येतो."

जमादाराचं घर वसाहतीत तळमजल्यावर. दार त्याच्या बायकोने उघडलं. घरात दिवा एकच लागला होता. भिंतीकडेला खोकी रचलेली होती, पण मला तेव्हा त्यांचा अर्थ लागला नाही. आतून नळाचा आवाज येत होता. कोणीतरी अंघोळ करत होतं.

"अहो भाऊ, तुम्ही कशाला आलात? शिपाई येणार होता ना."

मी कपडे तिच्या हातात दिले आणि दारातच उभा राहिलो. मग बोललो. जन्मात इतकं एका दमात बोललो नव्हतो.

"वहिनी, साहेब सुटतील. सुटावेत. माझं काही म्हणणं नाही. पण माझ्या पोरीचं वय लहान आहे. तिने दिसलं तेवढंच सांगितलं, मनात राग धरून नाही सांगितलं. साहेबांना एवढं सांगा, तिला माफ करा. तिच्या वाटेला जाऊ नका. तिला आता आई पण नाही."

कपड्यांचा गठ्ठा तिने छातीशी धरला होता.

"म्हणजे ती चौथी तुमची मुलगी?" ती अगदी हळू म्हणाली.

तिला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं.

"आणि तुम्हाला कुणी सांगितलं तो सुटणार म्हणून?"

मी गठ्ठ्याकडे बोट दाखवलं.

"अहो भाऊ, ड्यूटीवर जाणारा माणूस तिन्ही जोड एकदम धुवायला देतो का? कोटासकट? या उन्हाळ्यात?" ती हसली, पण ते हसणं बरं नव्हतं. "हे जमा करायचंय. शिक्षा झाली की नोकरी गेली, नोकरी गेली की घर गेलं. वर्दी धुऊन, इस्त्री करून खात्याच्या भांडारात दिल्याशिवाय घर सोडल्याचा कागद मिळत नाही. तो आत गेल्यावर हे सगळं मलाच निस्तरायचंय. आमच्या वकिलाने सांगून टाकलं, वहिनी, तयारी ठेवा."

आतला नळ बंद झाला. आम्ही दोघंही तिकडे बघायला लागलो.

"जा," ती म्हणाली. "जा आता."

मी घरी आलो. मुलीने ताट वाढलं होतं. मी तिला सगळं सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं, पण ओरडली नाही. ताट बाजूला सारलं आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला. मग म्हणाली, "त्याने ऐकलं?"

"नळ चालू होता."

"पण ऐकलं का नाही, ते सांगा ना."

मला कुठे माहीत होतं?

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. दोषी. सलूनमधला टीव्ही रस्त्यावर ऐकू येईल इतका मोठा केला होता. लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. मेलेल्या मुलाची आई पडद्यावर आली, नुसता फोटो धरून उभी राहिली. वेधशाळा अर्ध्या दाढीच्या गिऱ्हाइकाला खुर्चीत तसंच टाकून माझ्या दुकानात धावत आला.

"बघ! मी काय म्हणालो होतो?"

"तो सुटेल म्हणाला होतास."

"ते चहाच्या वेळी. सकाळचा अंदाज धर ना!" त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "आणि तुझा चेहरा असा का? कुणी मेलंय का?" म्हणाला आणि लगेच जीभ चावली. मी बायकोच्या आठवणीत आहे असं त्याला वाटलं. मी तसंच वाटू दिलं.

जमादाराला कोर्टातूनच तुरुंगात नेलं. त्याच्या वकिलांनी बाहेर येऊन सांगितलं की अपील करू, चौथी साक्ष टिकणार नाही, तो साक्षीदार कोण हे आम्ही शोधून काढू. हे मुलीने माझ्या शेजारी उभं राहून ऐकलं.

संध्याकाळी जमादाराची बायको दुकानात आली. डोक्यावरून ओढणी घेतली होती. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. मुलगी मागे कपड्यांच्या घड्या घालत होती. मी तिला डोळ्यांनी खुणावलं, येऊ नको. ती आली. काउंटरच्या या बाजूला माझ्याजवळ उभी राहिली.

दोघी एकमेकींकडे बघत होत्या.

"त्या मुलाचे हात वर होते, वहिनी," मुलगी म्हणाली.

"ठाऊक आहे मला. त्याच दिवशी घरी येऊन नवऱ्याने मला सांगितलं होतं." तिने डोळे पुसले नाहीत, तसेच राहू दिले. "मी पण कोर्टात बोलले नाही ना? मग तुला कोणत्या तोंडाने बोलू?"

मी म्हटलं, "वहिनी, साहेबांनी काल..."

"त्याने ऐकलं नाही. नळाने वाचवलं तुम्हाला." मग ती मुलीकडे न बघता माझ्याशी बोलायला लागली. "माझे दोन दीर खात्यात आहेत. आता मी त्यांच्या घरी राहायला जातेय, मुलांना घेऊन. तिथे रोज एकच विषय असणार. कोण होता तो, कोण होता तो. मी आज सांगितलं नाही. उद्याही बहुतेक नाही सांगणार. पण एखाद्या दिवशी मुलं बापासाठी रडतील, जावा टोचून बोलतील आणि माझं डोकं फिरेल. तेव्हाचं मी आज काय सांगू? मी काही देव नाही. हिला कुठेतरी पाठवा, भाऊ. मलासुद्धा कळू देऊ नका, कुठे ते."

ती गेली.

मुलीने हॉस्पिटलला आजारी असल्याचं कळवलं आणि पहाटेच्या बसने ती मामाकडे गेली. मामा लांब राहतो, राज्याच्या दुसऱ्या टोकाला. एक बॅग घेतली, आईची शाल घेतली. बसमध्ये चढताना म्हणाली, "बाबा, दुकान बंद ठेवू नका. लोकांना वाटेल काहीतरी झालंय." मी मान हलवली. बस वळेपर्यंत उभा राहिलो आणि मग येऊन शटर उघडलं.

आता मीच काउंटरवर बसतो. वर्दीवाले येतात, कपडे टाकतात, घेऊन जातात. प्रत्येकाचा चेहरा मी बघतो. कोण जमादाराचा भाऊ, कोण भावाचा मित्र, मला काय माहीत? कोणी दारात थोडा जास्त वेळ थांबला तरी माझी पावती अर्धी राहते.

काल एक हवालदार आला. जुनं गिऱ्हाईक, बोलायला गोड, बायको असताना तिच्याशी तासभर गप्पा मारायचा. त्याने शर्ट ठेवले, पावती खिशात घातली आणि वर जिन्याकडे बघून म्हणाला, "काय भाऊ, घर शांत शांत वाटतंय. मुलगी दिसत नाही हल्ली?"

सहज विचारलं असेल. रोजचा माणूस विचारतो तसं.

"मामाकडे गेलीय," मी म्हणालो.

"अच्छा अच्छा," तो म्हणाला. "मामाकडे."

तो गेल्यावर मी त्याचे शर्ट काउंटरवर तसेच राहू दिले. इस्त्री मागे तापत होती. मग उठून तिला फोन लावला आणि ती उचलेपर्यंत मनात शब्द जुळवत राहिलो, की आता तिला तिथूनही निघायला कसं सांगायचं.