बिलबाओचा गलका

“या चैतूच्या पाठीमागं एकडाव ताट वाजवून पाह्य वो बाई,” शेजारच्या ठमाबाई म्हणाल्या तेव्हा करुणा तांदूळ पाखडत होती. तिनं सूप थांबवलंसुद्धा नाही.

“खाणीत सुरुंग उडाला की सगळ्यांच्या आधी हाच दचकतो, तुम्ही पाहिलं नाही का?”

“दचकते तं खरं. पण तीन वरसाचं लेकरू, अजून आई म्हनत नाई...”

“मुलगे उशिरा बोलतात,” करुणा म्हणाली आणि कोंड्याबरोबर तो विषयही उडवून लावला.

ती काही बेफिकीर आई नव्हती. चैतूचं पाणी उकळून गाळायची, ताप नसला तरी कपाळ चाचपायची, बी.ए. झालेली बाई एवढी कशी घाबरट, म्हणून कॉलनीतल्या बायका हसायच्या. भद्रावतीच्या त्या कोळसा खाणीच्या कॉलनीत दुपारी सुरुंगाचा आवाज यायचा, फळीवरचे डबे थरथरायचे, आणि अंगणात बसलेला चैतू खेळ टाकून तिच्या मांडीशी धावायचा. ऐकू येतं, याचा तिला रोज पुरावा मिळत होता. त्याहून जास्त तिनं मागितला नाही.

ते मेक्सिकोतल्या फुटबॉल वर्ल्डकपचं वर्ष, शहाऐंशी. एका रविवारी संध्याकाळी ठमाबाईंचे मोठे भाऊ, शालिकरामभाऊ, जवळच्या गवराळ्याहून आले होते. जवानीत ते मुंबईहून आगबोटीवर चढले आणि बंबात कोळसा लोटत अर्धं जग हिंडले. त्या धडधडाटात कान गेले, ते गेलेच. आता ते माणसाच्या ओठांवरून बोलणं उचलत.

“भाऊ, अर्जेंटिनाच जिंकनार!” करुणाचा नवरा हरिदास त्यांच्यापुढे येऊन म्हणाला.

“मंग त्यात काय नवल? स्पेनातल्या माद्रिदवाल्यायनं तं तीस वरसाआधीच अर्जेंटिनाचा गडी आनला होता. बार्सिलोनावाल्यायनं हंगेरीचा. अन् बिलबाओवाल्यायनं कोनाले आनलं, सांग?”

“कोनाले?”

“कोनालेच नाई! आपल्याच मुलखातली पोरं. खानीवाल्यायची, कोळ्यायची. तरी छप्पन साली स्पेनची पहिल्या दर्जाची लीग घेतली ना बाप्पा! बार्सिलोना एका गुनानं मागं राह्यलं.”

“तुम्ही पाह्यलं काय?”

“एक सामना. आमची बोट लोखंडाचे दगड भराले लागली होती बिलबाओले.”

“पाह्यला असान. ऐकू तं काई आलं नसंन!” हरिदास हसला.

“ते काई कानानं ऐकाचं नसतेच, गड्या.”

शालिकरामभाऊ उठले. सत्तरीतलं ते वाळकं शरीर एकाएकी हलकं झालं. पाऊस कसा पडत होता ते बोटांनी दाखवलं, चिखल पावलांनी. डाव्या अंगानं एक गडी पळाला, घसरला, सावरला. चेंडू उंच गेला. म्हाताऱ्याची मान त्याच्यामागे फिरली. मग कपाळानं एक झटका. चैतू पुढ्यात येऊन उभा राहिला होता, तोंड उघडं, पापणीही न लववता.

“अन् चाळीस हजार मानूस उठलं! आमी लाकडाच्या फळ्यायवर उभे होतो. फळ्या थरथरल्या. तळपायातून चढला तो गलका, गुडघ्यात, पोटात, छातीत. कान बंद, तरी म्या सारा ऐकला. तसा फिरून एकदाच ऐकला, त्याच साली दसऱ्याले, नागपुरात दीक्षा घेतली तवा. आता म्हनसान तं तुमच्या खानीतला सुरुंग. तोई मले पायानंच समजते.”

करुणानं हातातली चहाची बशी खाली ठेवली.

ती चैतूच्या मागे जाऊन उभी राहिली.

“चैतू,” ती हळूच म्हणाली.

मग मोठ्यानं. मग इतक्या मोठ्यानं, की कडुलिंबावरचे कावळे उडाले आणि पलीकडच्या क्वार्टरातली बाई दारात आली. हरिदासचं हसू गेलं. ठमाबाईंनी मान खाली घातली.

चैतू म्हाताऱ्याच्या हातांकडे पाहत होता.

शालिकरामभाऊंनी हाक ऐकली नव्हती. करुणाचा चेहरा मात्र पाहिला. ते गुडघ्यांवर बसले आणि चैतूला खूण केली: आता तू.

आणि चैतू पळाला. डाव्या अंगानं. मध्येच घसरला, सावरला, मान वर करून चेंडू येऊ दिला, कपाळानं झटका दिला. पावसाची बोटंसुद्धा सोडली नाहीत त्यानं. मग दोन्ही हात वर करून तो थांबला, पावलं फाकवून, जमिनीकडे लक्ष लावून, चाळीस हजार माणसांची वाट पाहत.

तीन वर्षं करुणा ज्याच्या तोंडून एक शब्द निघावा म्हणून झुरत होती, त्याच्या अंगात एक अख्खं गाव मावलं होतं, पावसासकट.

“माह्याहून हुशार हाये वो पोरी,” शालिकरामभाऊ म्हणाले. “रडू नोको. तो तुह्या तोंडाकडं पाहून राह्यला.”

पुढच्या जूनपासून करुणा चैतूला घेऊन नागपुरात राहते, कर्णबधिर मुलांच्या शाळेजवळ. भद्रावतीला जाणं होत नाही. ठमाबाईंच्या गुडघ्यांना आता गवराळ्यापर्यंतची चाल झेपत नाही, आणि शालिकरामभाऊंचं दुसरं कोणी नाही. म्हणून तिचं एक मागणं आहे. चंद्रपूरच्या एस.टी.नं जाताना तुम्ही कधी भद्रावतीला उतरलात, तर गवराळ्यात त्यांचं घर विचारा, कोणीही दाखवील. आत जाऊन समोर बसा. जेवले का, विचारा. मग नुसतं बिलबाओ म्हणा, आणि ते उठून उभे राहतात का, तेवढं पाहून या.