नव्या कोंबडीची जागा

सकाळी पौर्णिमा परसात आली तेव्हा लिंबाखालच्या चार खुंट्या पुन्हा हललेल्या होत्या. काल संध्याकाळी तिनं त्या पार बांधाजवळ ठोकल्या होत्या; आता त्या गोठ्याच्या भिंतीशी येऊन उभ्या होत्या, सुतळीही नीट ताणलेली. हे जनावराचं काम नव्हतं. जनावर सुतळीला गाठ मारत नाही.

ती आत गेली आणि खुराड्याचा नकाशा पुन्हा उलगडून बसली.

गेल्या वर्षी मालनबाईनं, तिच्या मायनं, भूमच्या बाजारातून दोन तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, आणल्या आणि डालग्यातून काढून थेट आपल्या कोंबड्यांत सोडल्या. आठवड्याभरात मानमोडी आली. कोंबड्या माना पिरगाळून जागच्या जागी गोल फिरू लागल्या आणि एकेक करून आडव्या झाल्या. मालनबाईनं सगळ्या एकाच खड्ड्यात पुरल्या, खुराड्याच्या फळ्या चुलीत घातल्या आणि वर्षभर अंड्याचं नाव काढलं नाही. यंदा बहिणीनं दिलेल्या कोंबडीनं पिल्लं काढली आणि ती जगली, तेव्हा मालनबाई एवढंच म्हणाली, "ह्या बी गेल्या तर माझ्या दारात परत कोंबडी नको."

पौर्णिमा धाराशिवहून प्राणिशास्त्राची पदवी घेऊन आली होती. मायचं बोलणं तिनं मनावर घेतलं. पिल्लांना लस टोचून घेतली, पण नुसत्या लशीवर विसंबायला ती तयार नव्हती. नकाशात खुराडं घर आणि गोठा यांच्या मधल्या जागेत. लांब भिंती पूर्व-पश्चिम, म्हणजे ऊन सरळ आत शिरणार नाही. खाली भुईमुगाच्या टरफलांचा थर. पूर्वेची भिंत नुसती जाळीची, काढून घेता येईल अशी. कोंबड्या वाढल्या की पुढं एक खण जोडायचा. आणि बाजारातून येणाऱ्या नव्या कोंबडीसाठी वेगळं छोटं खुराडं, पार बांधाजवळ, लिंबाखाली. वीस दिवस तिथं. दुखणं दिसलं नाही, तर मग बाकीच्यांत.

नेमक्या त्याच खुंट्या रोज सरकत होत्या.

तिचे वडील पिराजी धार काढून गोठ्याबाहेर आले तशी तिनं विचारलं, "आबा, खुंट्या तुम्ही हलवल्या?"

"व्हय."

"का बरं?"

"लांब हुत्या."

"लांबच पाहिजेत. इथं ठोकल्या तर नवी कोंबडी जुन्यांच्या नाकाला नाक लावून बसंल. मग वेगळं ठेवून काय उपयोग?"

"बाजारातनं आपन आनायची, आन बांधाकडंला बसवायची?"

"वीसच दिवस, आबा."

चुलीपुढून मालनबाईचा आवाज आला. "बापलेकीनी कोंबडी नांदवायची का हद्दपार करायची ते ठरवा एकदा. तवर माझी पिल्लं अंडी द्यायला लागतील."

पिराजी हसले नाहीत. धारेची चरवी त्यांनी उंबऱ्यावर ठेवली आणि तिथंच टेकले.

"म्या साळंत वर्गाच्या भाईर बसायचो," ते म्हणाले. "दाराशी. गुरुजी वाईट न्हवते. आतनं सवाल टाकायचे, म्या भाईरनं उत्तर द्यायचो. बराबर आलं की शाबास म्हनायचे. पावसात वळचनीचं पानी उडायचं, पाटीवरचं पुसून जायचं. परत ल्ह्यायचो."

हे सगळं पौर्णिमानं वाचलं होतं, जयंतीच्या भाषणांत ऐकलं होतं. आबांच्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकत होती.

"वीस दिसांनी आत घेनार म्हंतीस न्हवं?"

"हो."

"आमाला कुनी दिस सांगितला न्हवता," असं म्हणून पिराजी उठले आणि विळा घेऊन वैरणीला गेले.

तिच्याजवळ उत्तर तयार होतं. रोग जात विचारत नाही, तो श्वासातून जातो, विष्ठेतून जातो, दाणापाणी करणाऱ्याच्या हातापायांतून जातो. यातला शब्दन् शब्द खरा होता आणि त्यातला एकही आबांना सांगण्याजोगा नव्हता. आणि अंतर तर हवंच होतं. ते सोडलं, की मायचा परत तोच खड्डा.

दुपारभर ती नकाशाकडं बघत राहिली. कागदावर दोन चौकोन होते आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा. ती मोकळी जागा महत्त्वाची. कुठला चौकोन घराजवळ असावा, याबद्दल विज्ञानाचं काहीच म्हणणं नव्हतं. ते तिनंच ठरवलं होतं, विचार न करता.

संध्याकाळी तिनं खुंट्या उपटल्या. मोठं खुराडं लिंबाखाली आखलं आणि नव्या कोंबडीची जागा घराच्या पडवीत, खांबाला लागून.

पिराजींनी लिंबाकडं बोट केलं. "तिथं मुंगूस येतं. रानमांजर येतं."

"जाळी हातभर जमिनीत पुरू. खाली दगडाचं जोतं लागंल."

"जोतं म्या घालतो." मग म्हणाले, "आता ह्या पिल्लांस्नी लांब ऱ्हावं लागंल."

"त्या धा हाईत," मालनबाई म्हणाली. "एकमेकीला हाईत. नवी एकटी असती." आणि सुतळीचं टोक धरून ती लिंबापलीकडं चालत गेली. घरामागं, आधीच्या जागी, एक खण जोडला की गोठा आडवा येणार होता. इथं पूर्वेला मोकळं रान होतं. "हितपतोर वाढवता येतंय की," ती तिकडून म्हणाली.

जोतं झालं, पत्रे चढले, पिल्लांच्या तलंगा झाल्या. मग पिराजींनी बाजारातून एक तांबडी कोंबडी आणली आणि पडवीत डालग्याखाली ठेवली. पौर्णिमानं दोघांना बजावलं: नवीचं सगळं आबांनी बघायचं, लिंबाखालच्यांचं मायनं. आबांनी तिकडं पाऊल टाकायचं नाही.

पाचव्या दिवशी तांबडीनं दाणा सोडला. सहाव्या दिवशी तिची मान कलली. पौर्णिमाला पुढचं माहीत होतं. तिनं ते आबांना सांगितलंही. पिराजी तांबडीजवळ बसून बोटानं चोचीत पाण्याचे थेंब सोडत राहिले. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती गेली. त्यांनी घरामागं खोल खड्डा घेतला, चुना टाकला, पडवी धुऊन काढली आणि डालगं जाळलं.

त्यानंतर पौर्णिमा रोज सकाळी जाळीबाहेर उभी राहून एकेक मान निरखायची. एकही वाकडी दिसली नाही. मालनबाई तिच्याकडं न बघता अंडी गोळा करायची आणि पदरात घेऊन घरी यायची.

महिन्यानं एका सकाळी पिराजी पायरीवर बसून चहा पीत होते. त्यांनी विचारलं, "पुढच्या बाजाराला दुसरी आनू का?"

मालनबाईनं पदरातली अंडी परडीत ठेवली.

"दोन आना," ती म्हणाली.