बीनीच्या नावावरची रेघ

“रेघ मारा, मास्तर,” वॅट हिस्लॉप म्हणाला.

मी त्याच्या घरात कागद पुढ्यात पसरून बसलो होतो. पलीकडच्या खोलीत त्याची आठ वर्षांची बीनी पांढऱ्या चादरीखाली होती. आदल्या रात्री, एका दिवसाच्या घशाच्या दुखण्याने गेली. साल १८५१, मार्चचा शेवटचा सोमवार. खोऱ्यातल्या घराघरांतून खानेसुमारीचे, म्हणजे शिरगणतीचे, कागद गोळा करायचं काम शाळामास्तर म्हणून माझ्या गळ्यात पडलं होतं. नियम सोपा. रविवारी रात्री बाराला जो जिवंत, तो कागदावर. त्याआधी गेला, तो नाही.

आणि कागद बीनीनेच भरलेला. आईबापाला अक्षरओळख नाही, म्हणून पोरीने हौसेने शनिवारीच उरकून टाकला, हाकेची नावं सोडून सगळ्यांची पुरी नावं घालून. वॉल्टर हिस्लॉप, मेंढपाळ, वय ४६. इझोबेल, बायको, ४१. रोबिना, मुलगी, ८. स्वतःच्या धंद्याच्या रकान्यात सगळ्यांत मोठ्या अक्षरांत: विद्यार्थिनी.

दुसरीकडे कुठेच तिचं नाव नव्हतं. मागच्या, दहा वर्षांपूर्वीच्या गणतीच्या वेळी ती जन्मलीच नव्हती. बाप्तिस्मा झाला तो बर्फाने कोंडलेल्या घरात, चर्चच्या वहीत चढवायचा राहून गेला. होता तो एवढा कागद.

“तुमच्याकडे घड्याळ नाही,” मी म्हणालो. “कधी गेली, कोण सांगणार?” यापेक्षा उघड मला बोलता येईना.

टिबीने, म्हणजे त्याच्या बायकोने, ते लगेच धरलं. “पहाटे गेली, मास्तर. कोंबडा आरवला तेव्हा.”

मी वॅटकडे पाहिलं. आमच्या खोऱ्यात वेळ विचारायची ती वॅटला; ऊन नि तारे बघून तो अचूक सांगायचा. शाळेचं घड्याळसुद्धा मी त्याला विचारून लावायचो.

“आभाळातल्या नांगराचे सात तारे डोक्यावर यायचे होते अजून,” तो म्हणाला. “मी बाहेर जाऊन बघितलं. बाराला अर्धा तास तरी होता.”

“बघायला सांगितलं होतं कुणी तुला?” टिबी म्हणाली. “मेलेल्या कोकराचं कातडं पोरक्या कोकराला घालतोस नि दर साली मेंढीला फसवतोस, आपलंच समजून ती त्याला पाजते. तेव्हा नाही तुझा देव आडवा येत? लेकीसाठी एकदा खोटं बोललास तर जीभ झडेल?”

“मेंढीला फसवलं की कोकरू जगतं गं,” वॅट म्हणाला. “इथे कोण जगणार आहे?”

एवढं बोलून तो बाहेर गेला. मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा.

“तिचं नाव कुठलं? बोट ठेवून दाखवा,” टिबी म्हणाली. मी दाखवलं. तिने त्यावर अंगठा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

“हा कागद आमच्याकडेच राहू द्या की.”

“सरकारजमा करावा लागतो, टिबी.”

तिने अंगठा काढून घेतला. मी रेघ मारली. घरातली माणसं: दोन.

निघालो तेव्हा वॅट मेंढवाड्यात गुडघ्यांवर बसला होता. मेंढ्या व्यायला लागल्या होत्या, त्यांना थांबवता येत नाही. एका पोरक्या कोकराला तो कातडं चढवत होता, एकेक पाय हळूच ओढून, लेकराला झबलं घालावं तसं. मेंढीने पुष्कळ वेळ हुंगलं. मग पिऊ दिलं.

वॅटचं काम झालं होतं. तरी तो उठला नाही.